वर्कशॉपच्या कपाटाला पॉलिश निवडताना

वर्कशॉपमधल्या कपाटाला पान्यांचे टोले बसतात, तेलकट हात लागतात, वर भुसा कायमचा. म्हणून पॉलिश निवडताना मी पहिल्यांदा एवढंच बघतो की चरा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्त करता येईल का. किती टणक आहे, हा प्रश्न नंतरचा.

माझ्या पहिल्या कपाटाला मी पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारखा थर देणाऱ्या पॉलिशचे, चार हात दिले होते. काचेसारखं चमकत होतं. एक दिवस क्लॅम्प निसटून दारावर पडला आणि लांब चरा गेला. त्यावर पुन्हा पीयू लावलं, तर भोवती कडा उठून दिसायला लागली. पूर्ण सुकलेलं पीयू नव्या हातात विरघळत नाही, थर थरावर नुसता बसतो. शेवटी अख्खं दार घासून काढलं.

चपडा लाखेचं, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशचं, तसं नाही. स्पिरिटमधला नवा हात खालच्या थराला ओला करतो आणि त्यातच मिसळून जातो. दारं आणि बाजूंना मी आता तीच वापरतो. एक लिटर स्पिरिटला १२० ग्रॅम चपडा घातला की पातळ पॉलिश होतं, शिकणाऱ्याला हेच बरं. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा, मलमलीतून गाळा. लोखंडी डब्यात नको, रंग काळवंडतो. विरघळलेला चपडा काही महिन्यांत जुना होतो आणि मग धड सुकत नाही. काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून बघा, दुसऱ्या दिवशीही चिकट लागला तर ती बरणी लाकडाला लावू नका. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळपास ग्राइंडर किंवा वेल्डिंग नको.

चपड्याला पाणी आणि गरम भांडं सोसत नाही, पांढरे डाग पडतात. म्हणून ज्या कपाटाच्या माथ्यावर चहाचा कप टेकतो, तिथे मात्र पीयूच. पहिला हात थोडा पातळ करून द्या, म्हणजे लाकडात मुरतो. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पेपर हलकेच फिरवा. हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच अवजारांची पेटी ठेवू नका. तेलातलं पीयू पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर पेटीच्या बुडाचा ठसा उमटतो.

खणांच्या आत जवसाचं तेल लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. बंद खणात हवा खेळत नाही, वास महिनोन्‌महिने राहतो. आतून चपड्याचे दोन हात पुरेत. तेल मुठींना छान. पण तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. एकेक चिंधी पसरून मोकळ्या हवेत वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

खण सरकतात त्या पट्ट्यांवर मेण घासा, पण सगळं पॉलिश झाल्यावर. मेणावर नंतर काहीच धरत नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना सारखे हात द्या. एकच बाजू झाकली तर दमट हवेत दुसरी फुगते आणि दार वाकतं. प्लायच्या कडा पॉलिश जास्त पितात, तिथे एखादा हात जादा.

आणि कपाटाला हात लावण्याआधी त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर सगळी क्रिया करून बघा, घासण्यापासून शेवटच्या हातापर्यंत. सुकल्यावर त्यावर मशीनचं तेल सांडा, स्क्रूड्रायव्हर ओढा, मग तो चरा दुरुस्त करून बघा. पटलं तर तुकड्याच्या पाठीवर कोणतं पॉलिश, किती पातळ, किती हात ते पेन्सिलीने लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला टांगा. पुढे डागडुजी करताना तोच तुकडा काढायचा.