रेडियस सर्व्हरचे आकडे: आधी डुप्लिकेट बघा

बडोद्यात रावपुऱ्यातलं वसतिगृह असो की अलकापुरीतलं ऑफिस, लाइट जाऊन आली की वाय-फाय देणारे सगळे ॲक्सेस पॉइंट एकदम उठतात आणि झाडून सगळे फोन एकाच वेळी लॉगिन मागतात. ही लॉगिन तपासणारा रेडियस सर्व्हर पुरा पडतो का, हे तेव्हाच कळतं. पण आकडे आधीपासून साठवलेले हवेत.

फ्रीरेडियस ३ या रेडियस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘स्टेटस’ नावाची तयार साइट, म्हणजे सेटिंगची फाइल असते. ती साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये लिंक करून सर्व्हर रीस्टार्ट करा. ती फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरून, १८१२१ पोर्टवर ऐकते. तसंच राहू द्या. सीक्रेट (सर्व्हर आणि विचारणाऱ्यामधला गुप्त शब्द) मात्र बदला, मूळचं जगजाहीर आहे. मग रॅडक्लायंट या कमांडने स्टेटस पॅकेट पाठवा. सोबत मेसेज-ऑथेंटिकेटर, म्हणजे पॅकेट खरं असल्याची सही, हवाच. कोणते आकडे हवेत ते स्टॅटिस्टिक्स-टाइपने सांगा: १ म्हणजे ऑथेंटिकेशन (लॉगिनची तपासणी), २ म्हणजे अकाउंटिंग (वापराची नोंद).

उत्तरात येतात ते सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे एकूण आकडे. नुसते बघून काही समजत नाही. दर मिनिटाला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीने) नोंद घ्या आणि नव्या नोंदीतून आधीची वजा करा. फरक उणे आला तर सर्व्हर रीस्टार्ट झालाय. ती नोंद सोडून द्या.

रिक्वेस्ट ॲक्सेप्टच्या (मंजूर लॉगिनच्या) कितीतरी पट दिसल्या तर दचकू नका. पीईएपी या वाय-फाय लॉगिनच्या पद्धतीत एका लॉगिनला बऱ्याच फेऱ्या होतात, म्हणून चॅलेंजही (सर्व्हरने उलट विचारलेले प्रश्नही) तितकेच वाढतात.

खरी नजर डुप्लिकेटवर हवी. ॲक्सेस पॉइंटला वेळेत उत्तर मिळालं नाही की तो तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवतो, ती डुप्लिकेट. दोष बहुतेक वेळा रेडियसचा नसतो, मागच्या डेटाबेसचा किंवा एलडॅपचा (यूजरच्या यादीच्या सर्व्हरचा) असतो. थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी हाताळायच्या रिक्वेस्टची, मूळ मर्यादा ३२ आहे. एका शोधाला एक सेकंद लागला, तर सेकंदाला ३२ च्या वर रिक्वेस्ट निघणारच नाहीत. लोक इथे थ्रेड वाढवतात आणि दमलेल्या डेटाबेसवर आणखी ओझं टाकतात. आधी यूजरनेमच्या कॉलमवर इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) आहे का ते तपासा.

रिजेक्टला (लॉगिन नाकारल्याच्या उत्तराला) सेकंदभर उशीर दिसला तर तो मुद्दाम ठेवलेला असतो, पासवर्ड ओळखू पाहणाऱ्यांना रोखायला. इनव्हॅलिड वाढले तर क्लायंट यादीत नसलेला ॲक्सेस पॉइंट शोधा. नवा बसवून पत्ता नोंदवायचा राहिलेला असतो. आणि पीएपी (सीक्रेटने झाकलेला पासवर्ड पाठवण्याची पद्धत) वापरणाऱ्या एकाच ॲक्सेस पॉइंटवरून सगळेच रिजेक्ट येत असतील, तर यूजरना पासवर्ड बदलायला लावण्याआधी त्या ॲक्सेस पॉइंटचं सीक्रेट पुन्हा टाइप करून बघा.