पाजताना दुसऱ्या बाजूला कधी घ्यायचं

माझी मुलगी ऐन डिसेंबरात झाली. बाळंतपणाला मी माहेरी, सिडकोत होते. नाशिकची थंडी बाधू नये म्हणून आई बाळाला कानटोपी, झबलं आणि वर दोन दुपट्यांत घट्ट गुंडाळून माझ्या मांडीवर द्यायची. दवाखान्यातून निघताना एका सिस्टरनं सांगितलं होतं, दहा मिनिटं एकीकडे, दहा मिनिटं दुसरीकडे. मी मोबाइलवर अलार्म लावायचे आणि तो वाजला की पीत असलेल्या लेकीला सोडवून दुसरीकडे घ्यायचे. ती रडायची, थकून झोपायची आणि अर्ध्या तासात पुन्हा उठायची. शी हिरवट, फेसाळ व्हायला लागली. मला दूधच कमी आहे असं मी धरून चालले होते. आठव्या दिवशी आई शेजारी बसली आणि म्हणाली, "अलार्म बंद कर. ती गिळते का ते बघ."

तेव्हापासून मी गिळण्याकडे लक्ष द्यायला लागले. बाळ सुरुवातीला भराभर, छोटे छोटे चोखे मारतं. मिनिट-दोन मिनिटांत पान्हा फुटला की चाल बदलते. हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि घशातून 'क्' असा अगदी हलका आवाज येतो. पंखा, टीव्ही बंद असेल तर तो स्पष्ट ऐकू येतो. हा आवाज येतोय तोवर बाजू बदलू नका, पाच मिनिटं होवोत की पंचवीस. छाती रिकामी होत जाते तसतसं दूध घट्ट होतं, त्यातला स्निग्धांश वाढतो. मी दहाव्या मिनिटाला सोडवत होते, म्हणजे नेमकं ते दूध तिला पुरेसं मिळत नव्हतं. (हिरवी शी इतर कारणांनीही होते. पण माझ्या लेकीची अलार्म बंद केल्यावर चार दिवसांत पिवळी झाली.)

हळूहळू गिळणं विरळ होतं. मग जबडा नुसता थरथरतो आणि 'क्' ऐकू येत नाही. लगेच सोडवायची घाई करू नका. अंगठा एका बाजूला, बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून छाती हलकेच दाबून धरा. बाळ पुन्हा गिळायला लागलं तर तिथंच राहू द्या. दोन-तीनदा दाबूनही गिळत नसेल तर ती बाजू झाली. बरीच बाळं आपण होऊनच सोडतात. सोडत नसेल तर ओढू नका, बोंडाला चिरा पडतात. स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा, पकड सुटते.

आता खांद्यावर घेऊन ढेकर काढा, लंगोट ओला असेल तर बदला आणि दुसरी बाजू द्या. घेतली तर उत्तम, नाही घेतली तरी चालतं. काही बाळांचं एकाच बाजूनं पोट भरतं. मात्र पहिले दोन-तीन दिवस, चीक येत असताना, दर वेळी दोन्हीकडे लावा. जितकं चोखलं जाईल तितकं पुढे दूध उतरतं.

झोपेनं मात्र मला फार फसवलं. तीन-चार मिनिटांत डोळे मिटले की पोट भरलं, असं मला वाटायचं. खरं तर दुपट्यांच्या उबेनं तिला गुंगी यायची. पाजताना वरचं दुपटं काढा, टोपी सैल करा, तळपायावर बोट फिरवा, मग मूठ बघा. भुकेल्या बाळाची मूठ घट्ट आणि तोंडाजवळ असते. पोट भरलं की बोटं एकेक करून सुटतात आणि हात बाजूला पडतो. पहिल्यांदा तो उघडलेला तळहात बघून मला रडू आलं होतं.

पुरतंय का, हे मोजायचं असेल तर हे बघा: चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणं, पाचव्या दिवसानंतर रोज किमान 6 वेळा शू आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत भरून येणं. शू कमी होत असेल, बाळ पिवळं दिसत असेल किंवा पाजायलाही उठत नसेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तुमच्या छातीत लाल, दुखरी गाठ आणि ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण त्या बाजूनं पाजणं थांबवू नका. साचलेलं दूध आणखी त्रास देतं.

पुढच्या वेळी सुरुवात कुठून करायची? मागच्या वेळी जी बाजू राहिली किंवा अर्धवट झाली, तिथून. हे माझ्या लक्षातच राहायचं नाही. आईनं मला एक बांगडी दिली. ज्या बाजूनं पुढचं पाजायचं, त्या हातात ती घालायची. रात्री अडीचला दिवा न लावता मनगट चाचपलं की कळायचं.