हरित घराच्या मानांकनातील तांत्रिक अटी कशा वाचाव्यात

घराला हरित मानांकन घ्यायचे ठरले की सल्लागार एक जाडजूड नियमपुस्तिका पुढे ठेवतो आणि बहुतेक घरमालक ती चाळून कपाटात टाकतात. तसे करू नये असे मला मनापासून वाटते, कारण तिच्यातल्या कित्येक अटी स्लॅब टाकण्याआधी वाचल्या तर जवळजवळ फुकटात पाळता येतात आणि नंतर वाचल्या तर पैसे ओतूनही पाळता येत नाहीत. दहावीच्या पलीकडचे गणित त्यासाठी लागत नाही. प्रत्येक अटीला चार प्रश्न विचारण्याची सवय मात्र लागते: आकडा कोणता, तो कशाने भागलेला आहे, कोणत्या परिस्थितीत मोजायचा आहे आणि त्याचा पुरावा काय मागितला आहे.

आधी कागद ओळखावा

आपल्याकडे घरांसाठी मुख्यतः दोन मानांकने घेतली जातात. ‘ग्रिहा’ हे टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था आणि केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून उभे केलेले असून त्यात एक ते पाच तारे मिळतात. लहान बांधकामांसाठी त्याचेच ‘स्वग्रिहा’ हे रूप आहे. दुसरे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचे, ज्यात सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा श्रेणी असतात. या दोहोंखेरीज ऊर्जा दक्षता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ आहे. तिचा बाह्यकवचाविषयीचा, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छताविषयीचा, पहिला भाग २०१८ मध्ये आला. ती मानांकन नसून संहिता आहे. या पहिल्या भागात गुणांची बेरीज नसते, मर्यादा पाळली गेली की नाही एवढेच पाहिले जाते. खालची उदाहरणे मी त्या २०१८च्या भागातून घेतली आहेत. आपल्या प्रकल्पाला कोणती आवृत्ती लागू आहे हे नोंदणी करतानाच लेखी विचारून घ्यावे, कारण आवृत्ती बदलली की आकडेही बदलू शकतात.

महाराष्ट्रात या कागदांना पैशाचे वजनही आहे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मानांकनाच्या श्रेणीनुसार मूळ चटईक्षेत्र निर्देशांकावर, म्हणजे भूखंडावर किती बांधता येते त्या प्रमाणावर, ३, ५ किंवा ७ टक्के प्रोत्साहनपर वाढीची तरतूद आहे. म्हणून सदनिका घेणाऱ्यानेही विकासकाकडे कोणती श्रेणी कबूल केली आहे, हातात पूर्वप्रमाणपत्र आहे की अंतिम, हे विचारावे. पूर्वप्रमाणपत्र नकाशावर मिळते, अंतिम प्रमाणपत्र मात्र उभ्या राहिलेल्या इमारतीवर मिळते.

अनिवार्य अटी आणि गुणांच्या अटी वेगळ्या कराव्यात

दोन रंगांची पेन घेऊन बसावे. अनिवार्य अट सहसा गुण देत नाही, पण ती चुकली तर बाकी गुण कितीही असले तरी मानांकन अडते. गुणांच्या अटींमध्ये निवड करता येते. लोक बहुतेक वेळा सौर पॅनेलसारख्या दिसणाऱ्या गोष्टींच्या गुणांमागे धावतात आणि अनिवार्य अटींकडे शेवटी पाहतात. क्रम उलटा असावा.

खिडक्यांची अट: कशाने भागले आहे ते पाहावे

संहितेत हवामान विभागानुसार एक किमान प्रमाण दिले आहे: खिडक्यांचे उघडणारे क्षेत्रफळ भागिले सदनिकेचे चटईक्षेत्र. उष्ण-दमट विभागात ते १६.६६ टक्के, संमिश्र विभागात १२.५ टक्के आणि उष्ण-कोरड्या विभागात १० टक्के आहे. मुंबई उष्ण-दमट विभागात येते, नागपूर संमिश्र विभागात. आपले गाव कुठे येते ते संहितेच्या जोडपत्रात पाहावे, अंदाजाने ठरवू नये.

आता मुंबईतले ६० चौरस मीटरचे घर घेऊ. त्याला १० चौरस मीटर उघडे क्षेत्र हवे. वाचणाऱ्याला वाटते की १० चौरस मीटरच्या खिडक्या लावल्या की काम झाले. पण अटीत शब्द ‘उघडणारे’ असा आहे. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचे एका वेळी निम्मेच क्षेत्र उघडते, म्हणून तिचे ५० टक्केच धरले जातात. बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडकीचे ९० टक्के धरतात. म्हणजे सरकत्या खिडक्या लावायच्या तर २० चौरस मीटर लागतील आणि झडपांच्या लावल्या तर ११ पेक्षा थोड्या अधिक. उघड्या बाल्कनीत उघडणारे दार यात मोजता येते, सामायिक जिन्याकडे उघडणारे नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांची आपल्याला इतकी सवय झाली आहे की हा एक शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतो.

छताची अट: थरांची बेरीज स्वतः करावी

छताचे यू-मूल्य १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विनपेक्षा जास्त नसावे, अशी अट आहे. यू-मूल्य म्हणजे छताच्या दोन बाजूंना एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती उष्णता आत जाते, ते. आकडा जितका कमी तितके बरे. तो काढण्यासाठी प्रत्येक थराची जाडी मीटरमध्ये घेऊन त्या पदार्थाच्या उष्णतावाहकतेने भागावी, सगळे रोध बेरजेत घ्यावेत आणि १ ला त्या बेरजेने भागावे.

१५० मिलिमीटरच्या काँक्रीट स्लॅबचा रोध ०.१५ भागिले १.५८, म्हणजे ०.०९५. त्यात आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाच्या हवेचा रोध ०.१७ आणि ०.०४ मिळवला की बेरीज ०.३०५ होते आणि यू-मूल्य येते सुमारे ३.३. वर १०० मिलिमीटर ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा घातला आणि त्याची वाहकता ०.८ धरली, तरी यू-मूल्य २.३ च्या आसपासच राहते. ‘कोबा घातलाय, गच्ची तापत नाही’ हे मिस्त्रीचे म्हणणे अनुभवातून आलेले असते, पण या अटीला ते पुरत नाही. ०.०३५ वाहकतेचा साधारण २० मिलिमीटर उष्णतारोधक थर मात्र कोबा न धरताही साध्या स्लॅबला मर्यादेच्या आत आणतो.

भिंतीचा एकत्रित आकडा: दिशा विसरू नये

भिंती आणि काचा मिळून आत येणाऱ्या उष्णतेला संहितेत आरईटीव्ही म्हणतात आणि थंड विभाग सोडून इतरत्र त्याची कमाल मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे. सूत्र लांबलचक दिसते, पण त्यात प्रत्येक भागाची भर मिळवून एकूण क्षेत्रफळाने भागायचे असते, आणि एका चौरस मीटरवर चालवून पाहिले की त्याचा कल कळतो. उष्ण-दमट विभागात पश्चिमेच्या, छज्जा नसलेल्या साध्या एकेरी काचेचा एक चौरस मीटर सूत्रात सुमारे ६९ ची भर घालतो. तिथेच दोन्हीकडून गिलावा केलेली विटांची भिंत, यू-मूल्य २ धरल्यास, सुमारे १२ ची आणि हलक्या एएसी ब्लॉकची भिंत, यू-मूल्य ०.८ धरल्यास, ५ च्या आत भर घालते. म्हणजे दहा चौरस मीटर भिंत विटांऐवजी ब्लॉकची केल्याने जेवढे वाचते, जवळपास तेवढे पश्चिमेची एक चौरस मीटर उघडी काच कमी केल्याने वाचते. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर पश्चिमेचा दिशागुणक (त्या दिशेला किती ऊन लागते ते धरणारा गुणक) १.१५६ आहे आणि उत्तरेचा ०.६५९. विटा की ब्लॉक यावर महिनाभर वाद घालण्याआधी पश्चिमेची खिडकी, तिचा छज्जा आणि तिची काच ठरवावी.

गडद काच लावून सुटका होईल असे समजू नये. ती ऊन अडवते, पण उजेडाची वेगळी किमान अट असते. खिडक्या भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत असतील तर काचेने निदान २७ टक्के दृश्य प्रकाश आत सोडला पाहिजे.

नळांच्या अटींत दाब पाहावा. ‘मिनिटाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा ठरावीक दाबाला दिलेला असतो, तर दहा मीटर उंचीच्या पाण्याने जेमतेम एक बार दाब मिळतो. गच्चीच्या टाकीखालच्या मजल्यावर प्रत्यक्ष धार पुस्तिकेतल्यासारखी येणार नाही.

पुरावा काम झाकण्याआधी गोळा करावा

एका घराच्या गच्चीवर उष्णतारोधक पत्रे नीट बसवले होते, पण फोटो काढायच्या आधीच वर कोबा पडला. थर होता, जाडी बरोबर होती, आणि दाखवायला काहीही नव्हते. शेवटी कोपऱ्यातला हातभर कोबा फोडून, पत्र्यावर टेप धरून फोटो काढावा लागला आणि जलरोधकाचा तो तुकडा पुन्हा करावा लागला. तेव्हापासून मी प्रत्येक अटीपुढे तारीख लिहितो: हे काम कोणत्या दिवशी झाकले जाणार. त्याच्या आदल्या दिवशी टेप दिसेल असा फोटो, मालाचे बिल आणि उत्पादकाचा चाचणी अहवाल हे तिन्ही एका फाइलमध्ये गेले पाहिजेत. अहवालावरचे उत्पादनाचे नाव आणि बिलावरचे नाव अक्षरशः जुळते का, हेही त्याच दिवशी पाहावे. न जुळल्यास माल अजून परत करता येतो.