‘थर्ड स्ट्राइक’ ऑनलाइन खेळण्यापूर्वी केबल जोडा

१९९९ साली आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आलेला ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’ हा मारामारीचा व्हिडिओ गेम २०१८ च्या ‘थर्टिएथ अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ या संचामुळे कन्सोलवर ऑनलाइन खेळता येतो; मात्र त्याचा प्राण असलेली पॅरी, म्हणजे ठोसा अंगावर येताच नेमक्या क्षणी स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने झटकून तो निष्फळ करणे, सेकंदाच्या साठाव्या भागांच्या हिशोबात चालते. वाय-फाय वेगवान असले तरी त्याची लय मध्येच ढळते आणि समोरचा खेळाडू पडद्यावर उड्या मारत सरकू लागतो, म्हणून राउटरला थेट जोडणारी लॅन केबलच वापरावी. निन्टेन्डो स्विच या कन्सोलच्या मूळ डॉकला, म्हणजे तो टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडला, लॅन पोर्ट नसल्याने तेथे यूएसबी अडॅप्टर लागतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ही सुरू करावा, अन्यथा चित्र उशिरा उमटते आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटच्या माथी जातो.