उजनीचं हिरवं पाणी उपग्रहातून कसं ओळखावं

सोलापुरात आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा आधार म्हणजे उजनी. म्हणून ऊन तापायला लागलं की मी जलाशयाची उपग्रहचित्रं बघतेच. तुम्हीही बघा, पैसे पडत नाहीत.

‘कोपर्निकस ब्राउझर’ हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडा, उजनी शोधा आणि सेंटिनेल-२ या उपग्रहाची बिनढगाची तारीख निवडा. पावसाळ्यात ती क्वचितच मिळते. साध्या रंगातल्या हिरव्या पट्ट्यांवर विसंबू नका, गाळानेही पाण्याचा रंग बदलतो. खरी पारख अशी: हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरजवळचा लाल प्रकाश शोषतं, तर दाट शेवाळाचं पाणी ७०५जवळ जास्त प्रकाश परतवतं. म्हणून ‘कस्टम’मध्ये निर्देशांक घ्या; बी-५मधून (७०५चा पट्टा) बी-४ (६६५चा पट्टा) वजा करा आणि आलेल्या आकड्याला दोघांच्या बेरजेने भागा. आकडा जितका चढा, तितकं शेवाळ दाट. एकाच तारखेवरून काही ठरवू नका, चार-पाच तारखा शेजारी ठेवून बघा. जलपर्णीही फसवते, शंका आली तर काठावर जाऊन डोळ्यांनी बघणंच बरं.

काही नीलहरित शेवाळ विष तयार करतं, पण हा निर्देशांक ते विष मोजत नाही. नीलहरित शेवाळातलं फायकोसायनिन हे रंगद्रव्य ६२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतं. तो पट्टा सेंटिनेल-३ या दुसऱ्या उपग्रहावर आहे, पण त्याचा एक ठिपका ३०० मीटरचा, त्यामुळे अरुंद फाट्यांत उपयोग नाही. विषाची खात्री नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावरच होते. तोवर हिरवी साय धरलेल्या काठावर जनावरं पाण्याला नेऊ नका. ते पाणी उकळूनही पिऊ नका, उकळल्याने मायक्रोसिस्टिन हे शेवाळाचं विष जात नाही.