जुन्या इमारतीची दुरुस्ती काढण्यापूर्वी: ॲस्बेस्टॉसच्या अल्प संपर्काबाबत करावयाची तयारी

जुन्या इमारतीत तोडफोड किंवा दुरुस्ती करायची असेल, तर कारागीर ठरवण्याच्याही आधी तिथे ॲस्बेस्टॉस कोठे असू शकेल याचा शोध घ्यावा. मूळ बांधकामाचे आणि नंतरच्या प्रत्येक दुरुस्तीचे वर्ष लिहून काढावे, कारण विसाव्या शतकात हे खनिज छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत, सांडपाण्याच्या पाइपांत, बॉयलर व गरम पाण्याच्या पाइपांभोवतीच्या वेष्टनात, व्हिनाइलच्या लाद्यांत आणि छतावर फवारलेल्या लेपात सर्रास वापरले जात असे. आइसलँडने १९८३ मध्ये त्यावर बंदी घातली आणि युरोपीय संघात २००५ पासून ती सर्वत्र लागू झाली. मात्र बंदीमुळे नवा वापर थांबतो, आधी बसवलेला माल जागेवरच राहतो.

घरातील सर्वांना धोक्याचे स्वरूप आधीच समजावून सांगावे. इथे घबराट आणि बेफिकिरी दोन्ही घातक ठरतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू इतके बारीक असतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर गेलेले लांब तंतू शरीराला सहजासहजी बाहेर टाकता येत नाहीत. फुप्फुसे घट्ट व ताठर करणारा ॲस्बेस्टॉसिस हा आजार बहुधा वर्षानुवर्षांच्या दाट धुळीतून होतो. फुप्फुसावरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, मात्र त्याहून पुष्कळ कमी संपर्कातही आढळला आहे. दक्षिण आफ्रिकेतील संशोधक वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये अशा ३३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील अनेकांनी खाणीत कधीच काम केले नव्हते. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात ते केवळ राहिले होते.

कोणत्या पातळीखाली धोका शून्य होतो, अशी सीमारेषा आजवर सापडलेली नाही. अमेरिकेत कामाच्या ठिकाणची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने प्रति घनसेंटिमीटर हवेत ०.१ तंतू इतकी आहे. पण १९९४ मध्ये ती ठरवतानाच, ४५ वर्षे त्या पातळीवर काम करणाऱ्या दर हजार कामगारांमागे सुमारे ३.४ कर्करोगमृत्यू होतील, असा अंदाज तेथील कामगार-सुरक्षा प्रशासनाने मांडला होता. त्यामुळे ‘मर्यादेच्या आत’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा घेऊ नये. त्याचबरोबर, एखाद्या वेळी फुटलेल्या पत्र्याजवळ काही मिनिटे उभे राहिल्याने वाढणारा धोका अतिशय लहान असतो, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. एकूण मात्रा आणि पहिल्या संपर्कापासून लोटलेली वर्षे या दोहोंवर धोका वाढत जातो. म्हणूनच ज्यांच्यापुढे अजून दीर्घ आयुष्य आहे, त्या मुलांना कामाच्या काळात दुसरीकडे ठेवण्याची सोय आधीच करावी.

संशयित वस्तूत ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसते पाहून ठरत नाही. नमुना प्रशिक्षित व्यक्तीकडून घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा, आणि अहवाल येईपर्यंत ती वस्तू ॲस्बेस्टॉसचीच आहे असे धरून चालावे. अहवाल होकारार्थी आला तरी लगेच सगळे उखडायला घेऊ नये. पत्रा अखंड असेल, हाताने चुरा होत नसेल आणि कोणी त्याला छेडणार नसेल, तर तो तसाच ठेवून, रंगाने झाकून, दरवर्षी त्याची पाहणी करणे हा पुष्कळदा अधिक शहाणपणाचा मार्ग असतो. तोवर त्यात खिळे ठोकणे, भोके पाडणे, तो घासणे किंवा जोरदार फवाऱ्याने धुणे टाळावे. पाइपांभोवतीचे मऊ, भुसभुशीत वेष्टन मात्र या सवलतीत बसत नाही. ते हलक्या धक्क्यानेही तंतू सोडते, तेव्हा तज्ज्ञांना बोलवावेच.

काढून टाकायचेच ठरले, तर प्रशिक्षित व परवानाधारक चमू निवडावा आणि त्यांच्याकडून पुढील गोष्टी आधी लेखी घ्याव्यात: माल ओला करूनच हाताळला जाईल, पत्रे न फोडता अखंड उतरवले जातील, विजेची करवत वापरली जाणार नाही, खोली जाड प्लॅस्टिकने बंद केली जाईल, आणि कचरा दुहेरी पिशव्यांत सीलबंद होऊन ठरवून दिलेल्या जागीच जाईल. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क इथे निरुपयोगी आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारे, एफएफपी-३ किंवा पी-१०० या अतिसूक्ष्म कण गाळणाऱ्या दर्जाचे श्वसनयंत्र (रेस्पिरेटर मास्क) लागते आणि दाढी असल्यास तेही नीट बसत नाही. कोरड्या झाडूने झाडू नये, घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालवू नये. दोन्ही तंतू पुन्हा हवेत उडवतात. कामाचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नयेत. कामगारांचे कपडे धुणाऱ्या घरच्या स्त्रियांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि या बाबतीतला निष्काळजीपणा मला सर्वांत जास्त खटकतो.

घरात कोणी धूम्रपान करत असेल, तर ते सोडण्याची तयारी याच यादीत धरावी. धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोहोंच्या बेरजेहूनही अधिक वाढतो. मेसोथेलिओमावर मात्र धूम्रपानाचा असा परिणाम दिसत नाही.

संपर्क आधीच घडून गेला असेल, तर तारीख, वस्तू, कामाचे स्वरूप आणि धूळ किती वेळ होती याची नोंद करून ती वैद्यकीय कागदपत्रांत ठेवावी. लगेच एक्स-रे काढून काही हाती लागत नाही, कारण तंतू त्यात दिसत नाहीत आणि मेसोथेलिओमा बहुधा २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो. पुढे कधी दम लागणे, न थांबणारा खोकला किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांना ती नोंद आपणहून दाखवावी.