उन्हाळ्यांत मॉन्टेसरी प्रशिक्षण घेताना

आधी वयोगट पक्का करा. मुलांच्या ० ते ३, ३ ते ६ आणि ६ ते १२ वर्षं या गटांच्या पदविका वेगवेगळ्या असतात, एकीवर दुसऱ्या गटाचा वर्ग घेता येत नाही. मग संस्था. मॉन्टेसरी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं, म्हणून पदविका कोणाच्या मान्यतेची आहे ते विचारा. १९२९ साली खुद्द मारिया मॉन्टेसरींनी स्थापलेली असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल ही मान्यता देणाऱ्या संस्थांतली सर्वांत जुनी. साहित्याचे, म्हणजे मुलांनी हाताळून शिकायच्या वस्तूंचे, पूर्ण संच किती आणि ते किती जणांत वापरायचे, हेही विचारा. साहित्य हाताळायलाच मिळणार नसेल तर तिथे जाऊ नका.

उन्हाळी अभ्यासक्रमात व्याख्यानं आणि सादरीकरणं (साहित्य मुलाला कसं करून दाखवायचं ते) दोन किंवा अधिक सुट्ट्यांत दाटीने होतात, निरीक्षण आणि वर्गातला सराव मधल्या महिन्यांत. त्यामुळे सगळ्यात आधी कोलमडतो तो अल्बम, म्हणजे प्रत्येक सादरीकरणाची तुम्ही स्वतः लिहिलेली वही. तो त्याच संध्याकाळी लिहा. साहित्य, वय, हेतू, क्रमवार कृती, मुलाला स्वतःची चूक कशी कळेल आणि पुढचे सराव, एवढं प्रत्येक पानावर हवंच. आठवडाभर साठवलं की कुठला हात आधी पुढे आला, ट्रे कुठल्या बाजूला ठेवला, हे बारकावे निसटतात, आणि वर्गात नेमके तेच लागतात.

सराव अल्बम मिटून करा, समोर सहाध्यायी मूल म्हणून बसवा. हात चालू असताना बोलू नका. मूल एक तर हाताकडे बघेल नाही तर तोंडाकडे. गुलाबी मनोऱ्याचे, म्हणजे एकावर एक रचायचे, १० घन चटईवर एकेक करूनच न्या. घाईत दोन-दोन उचलले जातात आणि मुद्दाच हरवतो: बाजू १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत वाढते, तो फरक पकडीला आणि मनगटाला दर खेपेला जाणवायला हवा.

त्रिपदी पाठात, म्हणजे नवा शब्द तीन पायऱ्यांत शिकवताना, नवशिके हमखास घाई करतात. ‘हे खरखरीत, हे गुळगुळीत’ ही पहिली पायरी. ‘खरखरीत कुठलं ते दाखव’ ही दुसरी, आणि तिथेच सर्वांत जास्त वेळ द्यायचा. ‘हे कसं आहे?’ हे शेवटी. दुसऱ्या पायरीवर मूल चुकलं तर दुरुस्त करू नका, पाठ शांतपणे थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून घ्या.

निरीक्षणाच्या तासांत एका जागी बसा, मुलांच्या कामात पडू नका. ‘हट्टी आहे’ असं लिहू नका. ‘दट्ट्यांचा ठोकळा (खाचांत बसवायच्या लाकडी दट्ट्यांचा) चार वेळा लावला, पाचव्यांदा शेजाऱ्याने हाक मारल्यावर उठला’ असं वेळेसकट लिहा. अशा नोंदीवरूनच पुढे काय सादर करायचं ते ठरतं.

दोन उन्हाळ्यांच्या मधल्या काळात दर आठवड्याला एक विभाग घेऊन हाताने पुन्हा करा. जीवन व्यवहार, म्हणजे रोजच्या घरकामांचा विभाग, सोपा समजून लोक वगळतात. पाणी ओतणं, घडी घालणं यांत हात जितका नेमका, तितकं पुढचं सगळं स्वच्छ होतं. वर्गासाठी करायची चित्रकार्डं आणि शब्दपट्ट्या दुसऱ्या सुट्टीच्या आधी संपवा, कारण तेव्हा गणित आणि परीक्षेची तयारी एकत्र येते. तोंडी परीक्षेत साहित्य सादर करून दाखवावं लागतं आणि प्रत्येक कृतीमागचं कारण विचारलं जातं, म्हणून अल्बमच्या समासात ‘असं का?’ याचं उत्तर पहिल्या दिवसापासून लिहीत चला.